रावसाहेबांचं तपेलं आणि गेनू साळिंदर

एका जंगलात सगळे प्राणी तांब्यापितळेच्या भांड्यांत जेवत असत.

हसू नका. जंगल होतं, पण सुधारलेलं होतं. पूर्वी तिथेही पानावर जेवायची रीत होती. पण एकदा कुणाच्या तरी पाहुण्याने पान बघून नाक मुरडलं आणि सगळ्या जंगलाला लाज वाटली. मग घरोघरी तपेली आली, पातेली आली, हंडे आले. सशाने एक पितळी डबा घेतला. दोघं एका वेळी बिळात मावेनात, म्हणून डबा आत ठेवून ससा बाहेर झोपू लागला.

तर बाळांनो, तांब्यापितळेच्या भांड्यांना एक खोड असते. तुमच्या घरी आता सगळं स्टीलचं, तुम्हाला कुठून माहीत असणार, म्हणून सांगतो. या भांड्यांना आतून कथलाचा पांढरा हात द्यावा लागतो. त्याला म्हणतात कल्हई. ती उडाली की आत ठेवलेलं आंबट कळकतं. हिरवट दिसतं, जिभेला कसंनुसं लागतं, आणि पोटात गेल्यावर काय होतं ते मी जेवणाच्या वेळी सांगणार नाही.

आता कल्हई करायची म्हणजे हात काळे होणार, डोळ्यांत धूर जाणार. सुधारलेल्या जंगलात हे कोण करणार? म्हणून दरवर्षी पळस फुलला की बाहेरून गेनू साळिंदर यायचा.

गेनू यायचा तो पाठीवर भाता, झोळीत नवसागर आणि कथील घेऊन. मागे त्याची बायको चांगुणा. तिच्या डोक्यावर टोपली. टोपलीत मणी, फण्या, दाभणं, आणि सुया. सुया घरच्याच, अंगावरच्या. जंगलातल्या सगळ्या गोधड्या चांगुणाच्या सुयांनी शिवलेल्या होत्या. सुयांबरोबर ती बातम्याही द्यायची. कुठल्या डोंगरावरचा झरा आटला, कुणाच्या लेकीला जुळं झालं, कुणाचा भाऊ अजून आठवण काढतो. त्या फुकट असत.

वेशीच्या आत शंभर पावलांवर एक उंबर होता. तिथे दोघे आठ दिवस उतरायचे. उंबराखाली मागच्या वर्षीची राख असे, त्या राखेवरच या वर्षीचा खड्डा. त्याच्या बापाचा भाता तिथेच, आज्याचा भाताही तिथेच. खड्डा पेटला की गेनू आरोळी द्यायचा, "कल्हईऽऽय, भांड्याला कल्हई" आणि बाया भांडी घेऊन धावायच्या. कोरभर भाकरी, शेरभर नाचणी, काय असेल ते द्यायच्या. तो नको म्हणत नसे आणि आणखी मागतही नसे.

आता नीट ऐका, कारण पुढची सगळी भानगड इथून सुरू होते.

गेनू भांड्यांवर खुणा करत नसे. चाळीस घरांची दोनशे भांडी एका ढिगात पडायची, आणि संध्याकाळी ज्याचं त्याच्या हातात बरोबर जायचं. कसं? तर तो पोच्यांवरून भांडं ओळखायचा. भांडं आपटलं, पडलं की चेपून खड्डा येतो ना, तो पोचा. कोल्हिणीच्या पातेल्याचा काठ चेपलेला, म्हणजे ती वाढताना आपटून वाढते. सशाच्या डब्याचं बूड आतून खरवडलेलं, म्हणजे त्याच्या घरी तळाशी कधी काही उरत नाही. माकडांचं भांडं सगळीकडून चेपलेलं. त्याचं कारण माकडांनाही सांगता आलं नसतं.

कल्हई करायच्या आधी गेनू हे पोचे लाकडी हातोडीने अलगद ठोकून काढायचा. घराघरांतली वर्षभराची भांडणं तो असा गुळगुळीत करून परत द्यायचा. आणि कुणाचं काही कुणाला सांगायचा नाही. बापाने त्याला भात्यावर बसवलं तेव्हाच बजावलं होतं, "गेन्या, भांडं वाचायचं, पण मोठ्यानं वाचायचं न्हाई."

त्या वर्षी गेनू आला तेव्हा वेशीवर बांबूचा आडणा होता. आडण्यामागे चिटणीस तरस बसला होता. जंगलाने 'आदर्श जंगल' स्पर्धेत भाग घेतला होता. लांबून परीक्षक यायचे होते. तरसाने त्यासाठी शाकाहारही सुरू केला होता, निदान चारचौघांत.

"नाव?" तरसाने विचारलं.

"गेनू. दरसाल येतो की."

"दरसाल येतो हे नाव नाही. कायमचा पत्ता?"

"ह्यो उंबर."

"वर्षातून किती दिवस?"

"आठ."

"आणि बाकीचे दिवस?"

"दुसरे उंबर."

तरसाने खूप वेळ विचार केला. त्याच्या कागदावर एकाच झाडापुरती जागा होती.

गेनूने आवाज खाली आणला. "चिटणीस, या खेपेला पंधरा दिवस राहू द्या. मालकिणीचे दिवस भरत आलेत. पुढचा उंबर पाच दिवसांवर हाय, आणि मधी सगळं उघडं माळरान. सावली न्हाई, पाणी न्हाई. हितं मोकळी झाली की लगेच जाऊ."

मागे चांगुणा टोपली उतरवून उभी होती. एक हात कमरेवर. तिच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं. तरसालाही कळलं.

"तात्पुरतं बसा," तो म्हणाला. "सभापतींना विचारतो."

सभापती म्हणजे रावसाहेब सांबर. काय त्याची शिंगं, काय त्याची मान, काय त्याचं चालणं. त्याच्याकडे बघून परके लोक उगाच नमस्कार करायचे. घरी मात्र त्याची बायको सांबरीण होती. तिने त्याला पाडसाच्या वयापासून पाहिलेलं होतं, त्यामुळे तिला नमस्काराची गरज वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावसाहेब घरात फेऱ्या मारत बक्षीस स्वीकारण्याचं भाषण पाठ करत होते. बक्षीस अजून मिळालं नव्हतं. सांबरीण चुलीपाशी होती. भाषण म्हणता म्हणता ते थांबले आणि म्हणाले, "आणि हे बघ, परीक्षक येतील तेव्हा तू तोंड उघडू नकोस. तुझं बोलणं गावठी आहे."

सांबरीण काही बोलली नाही. तोंड उघडायचं नव्हतंच ना. तिने हातातलं रिकामं तपेलं उचललं आणि फेकलं.

तपेलं रावसाहेबांच्या दोन शिंगांच्या मधोमध बसलं, ठण्ण करून उडालं, खिडकीतून बाहेर पडलं आणि गडगडत थेट ओढ्यात गेलं.

आवाज ऐकून शेजारची माकडं धावली. दारात रावसाहेब उभे, कपाळावर टेंगूळ. "काय झालं हो, रावसाहेब?"

आता तुम्ही सांगा, पोरांनो, सभापतीने काय सांगावं? खरं सांगावं? तुम्ही अजून लहान आहात.

"चोर," रावसाहेब म्हणाले. "आमचं तांब्याचं तपेलं घेऊन पळाला. मी झटापट केली."

दुपारपर्यंत ही झटापट जंगलभर झाली. संध्याकाळपर्यंत चोर तीन झाले होते. आणि सगळ्यांना एकदम आठवलं, की जंगलात काल कोण आलं आहे.

तिकडे गेनूला यातलं काही ठाऊक नव्हतं. आदल्या दिवशीच जमलेली भांडी घासायला वाळू आणावी म्हणून तो त्याच सकाळी ओढ्यावर गेला, तर पाण्यात तपेलं. त्याने उचललं, फिरवून पाहिलं आणि लगेच ओळखलं. हे तपेलं तो दरवर्षी पाहायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला तीन पोचे होते, गेल्या वर्षी पाच. या वर्षीचा मात्र एकच होता, पण काय होता. मोठा खोलगट, आणि दोन्ही बाजूंना शिंगांची एकेक खूण. कुणी ते रावसाहेबांच्या डोक्यावर टोपीसारखं ठेवलं असतं तर हललं नसतं.

चांगुणाने पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली. "बाई लई नेमबाज हाय."

"हसू नगं," गेनू म्हणाला. "लोकांत गेलं तर दोघांची लाज जाईल."

आणि मग त्याने ती चूक केली. चोर असता तर केली नसती. शहाणा असता तर मुळीच केली नसती. कल्हईवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाला ती सुचलीच नसती.

त्याने तो पोचा ठोकून काढला.

हळूहळू, चांगला तासभर बसून काढला. मग खड्डा पेटवला, चांगुणाने भाता ओढला, तपेलं तापलं, नवसागराचा पांढरा धूर उठला, कथील फिरलं, कापसाचा बोळा फिरला. तपेलं आतून चांदीसारखं आणि बाहेरून आरशासारखं झालं. घरच्या माणसांना ओशाळं वाटू नये म्हणून तो ते उपरण्याखाली झाकून, मागच्या दाराने परत द्यायला निघाला.

मागच्या दाराशी तरस उभाच होता.

उंबराखाली सभा भरली. सगळं जंगल आलं. मधे दगडावर तपेलं, त्याच्या अलीकडे गेनू आणि चांगुणा, पलीकडे रावसाहेब, कपाळाला पाला बांधलेला. सांबरीण बायकांत मागे बसली होती.

"मुद्देमाल सापडला आहे," तरस म्हणाला. "उपरण्याखाली झाकलेला होता. आरोपीला काही सांगायचं आहे?"

"तपेलं ओढ्यात घावलं," गेनू म्हणाला.

"ओढ्यात कसं गेलं?"

"गडगडत."

"कुठून?"

गेनूने हातावरची राख झटकली.

तेव्हा घोरपडमावशी पुढे सरकल्या. जंगलाची पंगतीची भांडी त्यांच्या ताब्यात असायची. त्यांचं तोंड जंगलात सगळ्यांत फटकळ होतं आणि पकड तुम्हाला माहीतच आहे.

"मला एक सांगा चिटणीस," मावशी म्हणाल्या, "रावसाहेबांनी साळिंदराशी झटापट केली, आन् अंगात एक काटा न्हाई?"

सभेत थोडी चुळबुळ झाली.

"काटे हा पुरावा होत नाही," तरस म्हणाला.

"मग काटे नसणं होतं का ते बघा. आणि एवढं तपेलं गडगडत गेलं तर त्याला पोचा पडला असंल. कशाचा पडलाय ते दाखवा की सगळ्यांना."

रावसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. सांबरिणीने मान खाली घातली. तरसाने तपेलं उचललं, चारी बाजूंनी फिरवलं.

एकही पोचा नव्हता. जंगलाला त्यात स्वतःची तोंडं दिसली, आणि स्वतःचं तोंड दिसल्यावर कुणाला पुढचं बघायचं सुचतं? "काय लखलखीत केलंय," माकड म्हणालं. "विकायलाच काढलं होतं."

चांगुणा गेनूच्या कानाशी लागली. तिचा श्वास चढला होता. "सांगा की. कशाचा पोचा होता ते सांगा. आपल्याला पंधरा दिवस सावली पायजे, दुसरं काय मागतोय आपण? एका वाक्याचं काम हाय."

गेनूने बायकोकडे पाहिलं. मग मागे बसलेल्या सांबरिणीकडे पाहिलं. सांबरीण पायाच्या नखाने माती उकरत होती. तिलाही एका वाक्याचंच काम होतं.

दोघांपैकी कुणीच बोललं नाही. गेनू बापाचं ऐकून गप्प राहिला, सांबरीण चारचौघांतल्या लाजेला भिऊन गप्प राहिली. बाहेरून दोन्ही गप्प सारखेच दिसतात, पोरांनो, म्हणून मी वेगवेगळे करून सांगितले.

रावसाहेबांनी मोठ्या मनाने शिक्षा माफ केली. फक्त सूर्य मावळायच्या आत जंगल सोडायचं, एवढंच. सभेने टाळ्या वाजवल्या. असा दयाळू सभापती आमच्या जंगलाला लाभला, असं ससा म्हणाला. त्याचा डबा अजून कल्हईच्या ढिगातच होता.

गेनूने खड्डा विझवला. भाता पाठीवर घेतला. सांबरीण धावत आली, तिच्या हातात डिंकाच्या लाडवांची पुरचुंडी होती. चांगुणाने ती घेतली नाही.

"बाई," ती म्हणाली, "पुढच्या खेपेला जाड बुडाचं फेका. माणूस चांगलं आठ दिवस अंथरुणाला खिळंल. निदान तेवढे दिवस तरी सभा भरायची न्हाई."

आणि ती दोघं आडण्याखालून वाकून माळाच्या बाजूला गेली.

अशा रीतीने जंगल स्वच्छ झालं. दोनशे भांडी मात्र उंबराखाली तशीच पडली होती, बिनकल्हईची. प्रत्येकाने आपापलं भांडं ओळखायचा प्रयत्न केला आणि त्यावरून तीन दिवस मारामाऱ्या झाल्या.

चौथ्या दिवशी परीक्षक आले. तीन करकोचे, लांब चोचीचे, एका पायावर उभे राहून विचार करणारे. त्यांच्यासाठी मोठ्या हंड्यात ताकाची कढी करायची ठरली.

"हंड्याची कल्हई गेलीय," घोरपडमावशी म्हणाल्या. "कढी कळकंल."

"किती नकारात्मक बोलता हो तुम्ही मावशी," तरस म्हणाला. त्याने हंडा आतून रुपेरी रंगाने रंगवून घेतला. दिसायला तो गेनूच्या कल्हईपेक्षाही छान दिसत होता. रावसाहेबांची कढी तेवढी त्यांच्या घरच्या तपेल्यात वेगळी केली. सभापती पंगतीतल्या हंड्यातलं खात नसत.

मग काय झालं? मी जेवणाच्या वेळी सांगणार नाही म्हटलं होतं, तुमचं जेवण झालं असेल तर ऐका. पहिला करकोचा दुसऱ्या वाटीला उठला. दुसरा पहिल्या वाटीला उठला. तिसरा उठला आणि तसाच पळाला. त्यांच्यामागे माकडं, माकडांमागे कोल्हे. तीन दिवस सगळं जंगल झुडपामागे होतं. म्हातारा ससा गेला. होय, गेला, मेला. गोष्टीत ससा मरत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं? डबा त्याने शेवटपर्यंत आत ठेवला होता.

एकटे रावसाहेब ताठ उभे होते. त्यांच्या पोटात गेनूच्या कल्हईतली कढी होती. पण जंगलाने त्याचा अर्थ असा लावला, की चारित्र्य शुद्ध असलं की पोटही शुद्ध राहतं.

आणि बक्षीस? मिळालं ना. परीक्षकांनी तीन दिवस झुडपांत काढल्यामुळे त्यांचा झुडपांचा अभ्यास फार सखोल झाला होता. 'झुडपांची दाट व पुरेशी सोय' या सदराखाली जंगलाला पहिला क्रमांक मिळाला. रावसाहेबांनी पाठ केलेलं भाषण केलं. सांबरिणीने तोंड उघडलं नाही.

पुढच्या महिन्यात आणखी दोघेतिघे आजारी पडले, तेव्हा समिती बसली. विषय गंभीर होता. जंगलातून कल्हईची कला नाहीशी होत चालली आहे, असं सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

"नाहीशी कशाला होतीय," घोरपडमावशी म्हणाल्या. "तुम्ही हाकललीय. बोलवा त्याला परत."

हे वाक्य तरसाने टिपणात घेतलं नाही. त्याऐवजी ठराव झाला, की या थोर कारागिराचं स्मारक करावं. माकडांनी दगड घडवला. पळस पुन्हा फुलायच्या आत उंबराखाली, बरोबर राखेच्या जागेवर, गेनूचा पुतळा उभा राहिला. भाता उलटा धरलेला होता, पण चेहरा सोज्ज्वळ होता. चांगुणा पुतळ्यात नव्हती. समितीला तिचं नाव आठवेना. पुतळ्याखाली कोरलं होतं, 'लोप पावलेल्या कलेचा अखेरचा उपासक'. बाजूला पाटी लावली, 'येथे विस्तव पेटवण्यास सक्त मनाई आहे'.

पळस फुलला आणि अखेरचा उपासक आडण्यापाशी येऊन उभा राहिला.

मागे चांगुणा. टोपलीत मण्यांच्या आणि फण्यांच्या मधे एक पिल्लू झोपलं होतं. काटे अजून मऊ होते.

"नाव?" तरसाने विचारलं.

"गेनू."

तरसाने मान वर करून पाहिलं, मग उंबराकडे पाहिलं, मग परत गेनूकडे. "तुम्ही... पुतळ्यासारखे दिसता."

"व्हय, म्या बी तेच बघतोय," गेनू म्हणाला. "आमची जागा तेवढी मोकळी करा. तो हलत न्हाई, त्याला कुठंबी चालंल."

"स्मारक आहे ते. तिथे कसं बसता येईल?" तरस म्हणाला. पण तो या वर्षी जरा मवाळ होता. गेल्या वर्षीची कढी त्यानेही खाल्ली होती. त्याने कागद चाळले. "एक नवा नियम आहे बघा. ज्याचं मूल जंगलाच्या हद्दीत जन्मलं, त्याला हद्दीत राहायची परवानगी. हे पिल्लू कुठे जन्मलं?"

चांगुणाने हात लांब केला आणि आडण्याच्या बाहेर माळाकडे दाखवलं. तिथे एक झाड नव्हतं.

"थितं. वेशीच्या दगडापासनं तीनशे पावलं. म्या मोजली न्हाईत, म्या ओरडत होते. ह्यांनी मोजली. पाणी आणायला वेशीपाशी आले हुते, तर आडणा लावलेला."

तरस हळहळला. खरोखर हळहळला, खोटं कशाला सांगू. "अरेरे. तीनशेच? थोडक्यात हुकलं हो. तीनशे पावलं अलीकडे झालं असतं तर कायमचा पत्ता लागला असता."

चांगुणा त्याच्याकडे बघत राहिली. तिला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही, आणि मीही सांगणार नाही. मला ते सांगताना राग येतो.

गेनू मागे वळला. आडण्याच्या बाहेर, वेशीच्या दगडापाशी, उन्हात त्याने खड्डा खणला. भाता लावला. आणि आरोळी दिली.

बाया आल्या. आधी लाजत आल्या, मग धावत आल्या. सगळ्यांच्या पुढे सांबरीण होती, तपेलं घेऊन. गेनूने ते फिरवून पाहिलं. सात पोचे होते. बक्षिसाचं वर्ष होतं ना.

त्याने तपेलं तापवलं, नवसागर टाकला, आतून कल्हई केली. चकचकीत, नेहमीसारखी. मग तसंच पुढे ठेवलं.

"पोचे राहिले," सांबरीण म्हणाली.

"राहू द्या बाईसाहेब. हातोडी विकली म्या."

हातोडी त्याच्या मांडीजवळच पडली होती. दोघांनाही ती दिसत होती.

सांबरिणीने तपेलं उचलून कडेवर घेतलं. मग टोपलीतल्या पिल्लाकडे बघून म्हणाली, "मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं."

"व्हय," चांगुणा म्हणाली. "पायजे हुतं."

त्या दिवशी गेनूने दोनशे भांड्यांना कल्हई केली आणि एकाचाही पोचा काढला नाही. कुणाच्या पोटात काही वाईट जाऊ नये, एवढंच त्याने पाहिलं. बाकीचं ज्याचं त्याच्याकडे परत दिलं.

दोन दिवसांनी पुतळ्याला हार घालायचा समारंभ होता. रावसाहेब बोलायला उभे राहिले. "तो साधा, निरलस, निष्पाप कारागीर" इथपर्यंत आले आणि त्यांना ठसका लागला. सांबरीण उठली. कुणी सांगितलं नसताना व्यासपीठावर गेली, आणि घरचं तपेलं पाण्याने भरून त्यांच्यापुढे ठेवलं. पोच्यांची बाजू लोकांकडे करून ठेवलं.

लोकांनी तपेल्याकडे पाहिलं. मग शिंगांकडे पाहिलं. मग पुन्हा तपेल्याकडे. शिंगांच्या खुणा सात वेळा होत्या, मोजायला सोप्या. सांबरिणीने तोंड उघडलं आणि गावठी भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आठवा गेल्या साली पडला हुता. तो ह्या बिचाऱ्यानं काढला, म्हून चोर ठरला."

कुणी हसलं नाही. कारण प्रत्येकाला घरी फळीवर ठेवलेलं आपलं भांडं आठवलं. कुणाकुणाला दिसत असेल ते? पाहुणे येऊन गेले का? कोल्हा तर तसाच उठून घरी पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीची तातडीची बैठक झाली. गेनूची माफी मागायची का, असा विषय घोरपडमावशींनी काढला. तो पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं. त्याआधी एक महत्त्वाचा ठराव एकमताने मंजूर झाला. तांब्यापितळेची भांडी ही परकी, खर्चिक आणि खासगीपणाला बाधा आणणारी असल्यामुळे ती वितळवण्यात यावीत, आणि यापुढे सर्वांनी आपल्या थोर परंपरेप्रमाणे पानावर जेवावं.

पान चेपत नाही. पानावर पोचा पडत नाही. जेवण झालं की पुरावा शेळी खाते.

तेव्हापासून त्या जंगलात कल्हईचं काम उरलं नाही. पुतळ्याखाली जे कोरलं होतं, ते कोरलं तेव्हा खोटं होतं, आता खरं झालं. रावसाहेबांनी त्याबद्दल समितीच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं.

गेनूचं पुढे काय झालं म्हणता? बाळांनो, मला काय माहीत. मी समितीला विचारलं, तर तिथे त्याच्या नावाचा कागद होता. कायमच्या पत्त्याची जागा आता भरलेली होती. 'उंबराखाली', असं तरसाने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

तात्पर्य: झाडाखाली पंधरा दिवस सावली हवी असेल तर उगाच कामधाम करत, बायकापोरं घेऊन, धडधाकट येऊ नये. आधी दगडाचं होऊन यावं. आणि कुणाचा पोचा काढायचाच झाला, तर सभा झाल्यावर काढावा.